कानाच्या खोलीची मागणी

टाळ्या वाजल्या तेव्हा त्या आपल्यासाठी आहेत हे त्याला आधी कळलंच नाही. तो पाण्याच्या बाटलीशी झटापट करत होता, झाकण आडवं बसलं होतं, आणि मान वर केली तर सगळं टेबल त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवतंय. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या. निळी रेघ त्याची, गेल्या वर्षी काढलेली, अंदाजाची. लाल रेघ खरोखर जे झालं त्याची. आणि लाल निळीवर अशी बसली होती, जसं पहिलीतल्या पोराने बाईंचं अक्षर गिरवावं. पूर्वेकडचा दवाखाना, कानाची खोली. माजी सैनिकांतले किती जण तिथे कान तपासायला येतील, मशीन बसवून घ्यायला येतील, त्याचा हिशेब. तो म्हणाला होता कमी होतील. कमी झाले. "तंतोतंत," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे नियोजनाच्या प्रमुख. त्यांच्या तोंडून नुसतं 'बरंय' निघालं तरी लोक ते घरी जाऊन सांगत. "मागणीच नसेल तर खोली अडवून काय करायचंय? पुढच्या वर्षी बंद करू. शुक्रवारी फाइल वर जाते, ज्योतिषीबुवा, तेवढा तुमचा पुढचा आकडा टाका." ऑफिसात त्याला ज्योतिषी म्हणत. पहिल्यांदा चिडवायला म्हणाले, मग सवयीने, आणि आता हजेरीच्या यादीत त्याचं खरं नाव दिसलं की लोक क्षणभर विचार करत, हा कोण.

तो खूश झाला. का होऊ नये? चांगला दिवसभर पुरेल एवढा खूश झाला. पण कॉफीच्या मशीनपाशी खर्चवाली भेटली. ती शेजारच्या टेबलावर बसायची, तो माणसं मोजायचा आणि ती त्यांच्यावरचा खर्च, म्हणून ती खर्चवाली. कप खाली लावत ती म्हणाली, "अभिनंदन. पण एक सांगू का, राग मानू नकोस."

"सांग की."

"गेल्या वर्षी तू म्हणालास लोक कमी येणार. म्हणून आम्ही तिथला एक टेक्निशियन काढून पश्चिमेला पाठवला. उरलेला एकटा, तोही आठवड्यातून एक दिवस. लोक आले, ताटकळले, कंटाळून यायचे बंद झाले. मग तुझी रेघ खरी ठरली. यात भविष्य कसलं रे? नळ आपणच बंद करायचा आणि वर म्हणायचं, या गल्लीत तहान कमी आहे."

तो हसला. तीही हसली. "आणि माझं ऐक ना," ती म्हणाली, "माणसं कमी झाली की माणशी खर्च वाढतो. मग मी लिहिते, खोली महाग पडते. तू लिहितोस, मागणी कमी. दोघांचंही बरोबर. कुठलीही परीक्षा घे, पैकीच्या पैकी." ती कप घेऊन निघून गेली आणि याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, उतरवायला विसरलेल्या टोपीसारखं.

जागेवर येऊन बसला. वरच्या जाळीतून गार हवा नेमकी त्याच्या मानेवर पडायची, रोजच पडायची, आज ती बोटासारखी लागत होती. रेघा समोर होत्याच. मागणी, असं वर ठळक लिहिलेलं. हा शब्द त्याने कितीदा टाइप केला असेल, हात आता न बघता करतात. आज पहिल्यांदा तो शब्द त्याला ऐकू आला. मागणी. मागणं. मागितलं. आणि लगेच बाबांचा आवाज, कारण हा शब्द घरात बाबांचाच होता, 'मागायचं नाही' या दोन शब्दांत तो घट्ट बांधून ठेवलेला. लहानपणी वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून याने चेंडू मागून आणला होता, तर बाबांनी चेंडूसकट जिना चढायला लावला होता. परत दे. त्याने आपणहून दिला तर घे. "बाबा, तो आपणहून कसा देईल, त्याला काय माहीत मला हवाय ते?" "त्याला दिसायला पाहिजे." हे बाबांचं शास्त्र. पलटणीत म्हणे कुणी काही मागत नसे. बूट फाटले की ज्याने बघायचं तो बघायचा. जेवताना बाबांची भाजी संपली की ते नुसती पोळी खात, पण वाढ म्हणत नसत, आणि आई कपाळाला हात लावायची. "अहो, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही." बाबा म्हणायचे, "मी तान्हा आहे का?" मग आई पातेलं घेऊन यायची आणि वाढता वाढता त्याच्याकडे बघून म्हणायची, यांच्याशी लग्नही मीच मागणी घालून केलंय, यांच्या भरवशावर राहिले असते तर अजून माहेरीच असते. आणि हे खोटं नव्हतं म्हणे.

बाबा तोफखान्यात होते. तोफा बाबांनी कानांनी ओढल्या असं आई म्हणायची. कान गेले ते एकदम नाही गेले, भाड्याच्या घरातलं सामान हलवावं तसे हळूहळू गेले, आधी पाखरं, मग दारावरची घंटा, मग बायकांचे आवाज, मग मुलाचा. दवाखान्याने मशीन दिलं. चांगलं चाललं काही वर्षं. मग कानाच्या आत बसतो तो साचा सैल झाला, म्हातारपणी कानही म्हणे बदलतात, आणि मशीन शिट्टी मारायला लागलं. बारीक, वरच्या पट्टीत, सतत. बाबांना सोडून सगळ्यांना ऐकू यायची. जेवताना शिट्टी, बातम्या बघताना शिट्टी, आई दोन बोटं स्वतःच्या कानाला लावून खूण करायची, वाजतंय, आणि बाबा ते बोटाने आत दाबायचे. नवा साचा घ्यायला ते पूर्वेच्या दवाखान्यात गेले होते. एकदा सकाळपासून बसले, नंबर आला नाही. पुन्हा गेले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आई म्हणाली चला, तर ते म्हणाले, "मला ऐकू येतंय." मशीन कपाटात गेलं. हे सगळं आईने फोनवर सांगितलं होतं त्याला, आणि तो हो हो म्हणत होता, कारण तेव्हा तो दुसऱ्या कुठल्यातरी दवाखान्याची रेघ काढत होता. आता त्याने पडद्यावरच्या लाल रेघेवर बोट ठेवलं. बाबा त्या रेघेत आहेत. लाल रेघ जिथे खाली वळते तिथे कुठेतरी, त्या उतारावर, बाबा आहेत. आले नाहीत म्हणून मोजले गेले. आपण त्यांना बरं झालेल्यात धरलं. बरं झालेल्यात नाही, त्याहून वाईट, ज्यांना कधी काही झालंच नव्हतं त्यांच्यात. आणि वर टाळ्या घेतल्या.

त्याने आईला फोन लावला. काय करताय, असं उगाच विचारलं. मागे टीव्ही एवढा मोठ्याने लागला होता की आईचं बोलणं चाळणीतून आल्यासारखं येत होतं. "काय करणार? बोलतेय भिंतीशी. भिंत बरी, ती निदान 'काय' म्हणत नाही." मग आवाज उतरवून म्हणाली, "परवा रस्त्यावर गाडीवाल्याने हॉर्न दिला तर यांना कळलंच नाही. मी हात धरून ओढलं. ते मलाच रागावले, चारचौघांत हात काय ओढतेस म्हणून." आणि लगेच, "तुमच्या ऑफिसातून काही होत नाही का रे?"

होतं की, त्याला म्हणावंसं वाटलं. आमच्याच ऑफिसातून झालंय.

तो मॅडमकडे गेला. जाताना सगळं बोलणं मनात रचलं होतं, दारातच त्याची पडझड झाली. "मॅडम, तो शब्द चुकलाय."

"कुठला?"

"मागणी. आपण मागणी मोजत नाही, हजेरी मोजतो. जो आला तो मोजला. जो बसून बसून परत गेला, ज्याने नाद सोडला, तो आपल्याकडे नाहीच. आणि मॅडम, ही माणसं मागणाऱ्यातली नाहीत. त्यांना मागायचं नाही असंच शिकवलेलं असतं."

मॅडमनी चष्मा काढला. त्या चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बस," त्या म्हणाल्या. "समजा, तुझं खरं. वर विचारतील, हजेरी ही, मग गरज किती? काय सांगू?"

"माहीत नाही."

"काढता येईल?"

"शुक्रवारपर्यंत नाही. घरोघर जावं लागेल. जे येत नाहीत त्यांना शोधावं लागेल."

"म्हणजे मी वर जाऊन सांगायचं, आम्हाला माहीत नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "मी या खुर्चीत का आहे सांगू? माझ्या आधी जे होते ते असं म्हणाले होते. मागच्या वेळी आपल्याला एकही खोली मिळाली नाही, तुला आठवत नसेल, तू नव्हतास. ज्याच्याकडे आकडा नसतो त्याचं आधी कापतात. तेव्हा आकडा आण. कसलाही आण, पण तू उभा राहून त्याचं समर्थन करशील असा आण. नाहीतर तुझी निळी रेघ आहेच, ती तर खरी ठरलीय." बाहेर पडताना त्याच्या लक्षात आलं की मॅडमचंही बरोबर आहे. हा सगळ्यात मोठा वैताग होता. आज सकाळपासून जो भेटतोय त्याचं बरोबर आहे. भांडायला कुणी शिल्लकच नाही.

संध्याकाळी तो बसने घरी गेला, म्हणजे आईबाबांच्या घरी. बसमध्ये कुणीतरी फोनवर गाणी लावली होती, बाजूची बाई वैतागून म्हणाली, "अहो, आवाज कमी करा, बहिरे आहात का," आणि तो बाईवर उगाच चिडला, कान तापले. किती सहज म्हणतात लोक. तो स्वतः किती सहज म्हणायचा, कॉलेजात असताना, दारातून ओरडून, बाबा, बहिरे आहात का, आणि बाबा मान वर करून विचारायचे, "काय म्हणालास?" आणि तो म्हणायचा, "काही नाही." काही नाही. ही दोन शब्दांची हाक किती वर्षं मारली आपण. एखादा माणूस विचारतोय काय म्हणालास आणि आपण सांगतोय काही नाही. हळूहळू तो विचारणं सोडणारच. मग म्हणायचं, विचारायची गरज नाही त्याला. इथेही एक रेघ काढता आली असती, खाली उतरत जाणारी, आणि तीही तंतोतंत.

घराच्या जिन्यातच टीव्ही ऐकू आला. आईने दार उघडलं. बाबा खुर्चीत, ताठ बसलेले, पडद्याकडे बघत. हा समोर जाऊन उभा राहिला तेव्हा त्यांना कळलं. चेहरा एकदम उजळला. "अरे, आलास. कधी आलास? कळवायचं तरी." आई मागून म्हणाली, कळवलं होतं, मघाशी सांगितलं मी. ते बाबांपर्यंत गेलं नाही.

त्याने टीव्ही बंद केला. समोर स्टूल ओढून बसला. "बाबा, परवा शुक्रवार आहे. दवाखान्यात जाऊया. कानाचा माणूस येतो शुक्रवारी."

"काय?"

"दवाखाना. कान."

"मला ऐकू येतंय."

"बाबा, नाही येत."

"ओरडू नकोस, मी काय बहिरा आहे?"

आईने तोंडावर पदर घेतला, ती हसत होती की दुसरं काही, त्याला कळलं नाही. तो मात्र हसला नाही. तो बोलायला लागला आणि थांबेचना. तिथे गेलं नाही तर तुम्ही मोजलेच जात नाही. तुमच्यासारखे सगळे असेच घरात बसतात ताठ मानेने, आणि आम्ही तिकडे लिहितो, गरज नाही. ती खोली जाणार आहे बाबा, माझ्यामुळे जाणार आहे, मी काढलेल्या आकड्यामुळे जाणार आहे, शुक्रवारी. त्याचा आवाज चिरकला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते, कपाळावर आठ्या घालून, रात्रीच्या अंधारात लांबचा दिवा बघावा तसे. मग ते हळूच म्हणाले, "नोकरी जाणार आहे? तुझी?"

"खोली, बाबा. खोली."

"तुझ्या हातून काही चुकलं का?"

"हो," तो म्हणाला, कारण ते तर खरंच होतं.

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी कधी ठेवला होता ते त्याला आठवेना. "मग? मी गेलो तर काही उपयोग होईल?" त्याने आईकडे बघितलं. आई, जी सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक शब्द यांना पुन्हा सांगते, बोटांनी, डोळ्यांनी, वाटल्यास पाटीवर लिहून, तिने हा एक शब्द दुरुस्त केला नाही. ती शांतपणे स्वयंपाकघरात गेली. त्याने बाबांकडे बघून मान हलवली. होईल. खोटं बोलल्यासारखं वाटलं आणि खरं बोलल्यासारखंही.

शुक्रवारी सकाळी बाबा त्याच्या आधी तयार होते. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, मशीन रुमालात गुंडाळून खिशात. पूर्वेच्या दवाखान्यातला लांब व्हरांडा, त्यात एकमेकांना जोडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक पाठ मोडलेली आणि तरी सगळे तिच्याकडे एकदा आशेने बघून पुढे जाणारे. फिनाइलचा वास. टोकाला खिडकी, खिडकीत नोंद करणारी बाई. गर्दी नव्हतीच. त्याने बघितलं, खरंच नव्हती. खुर्च्या बहुतेक रिकाम्या. आकडा खोटा बोलत नव्हता, आणि याचाच त्याला राग आला.

तो पुढे होऊन बोलणार तेवढ्यात बाबांनी त्याला हाताने मागे सारलं. स्वतः खिडकीशी गेले, पाय जुळवून उभे राहिले. बाईंनी मान वर न करता विचारलं, "कशासाठी?" बाबांना ऐकू गेलं नाही, पण काय विचारत असणार हे त्यांनी ओळखलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेला.

"मला ऐकू येत नाही."

हे वाक्य बाबांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आईनेही नाही.

"हळू बोला काका," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हळू बोला, म्हटलं."

"मी मागायला आलोय," बाबा म्हणाले, तितक्याच मोठ्याने. "कानाचं मशीन. नीट करून पाहिजे. नाव लिहा. नाव लिहिल्याशिवाय मी जाणार नाही, माझ्या मुलाचं काम आहे त्यावर." बाई आता हसून नाव लिहायला लागल्या, कार्ड मागितलं, हात करून दाखवला, बसा. आणि तो तिथे भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला रडायला येत होतं, आणि डोक्याचा दुसरा भाग, जो कधीच गप्प बसत नाही, तो म्हणत होता, एक. आजच्या रकान्यात एक. त्याची संगणकातली आज्ञावली एवढ्या छोट्या चढाला किरकोळ चढउतार म्हणून सपाट करून टाकते, आणि ती त्यानेच लिहिलीय.

त्याने मोडक्या खुर्चीच्या शेजारी बसून मांडीवर लॅपटॉप उघडला. मागणी खोडलं. हजेरी लिहिलं. खाली आकडा टाकला तो टेक्निशियन काढून घ्यायच्या आधीच्या वर्षाचा, जेव्हा खोली रोज उघडी होती आणि लोक नळाला पाणी होतं म्हणून येत होते. खाली दोन ओळी. लोक कमी झाले कारण आपण माणूस काढून घेतला. माणूस परत द्या, एक वर्ष थांबा, मग मोजा. बाकी मला माहीत नाही. शेवटचं वाक्य त्याने पुसलं, मग परत लिहिलं. पाठवून दिलं. मॅडमचं उत्तर लगेच आलं: 'माहीत नाही हे मी काढून टाकणार. बाकी घेऊन जाते. कापतील बहुतेक. तू समर्थनाला सोबत यायचंस.' तो म्हणाला येतो. म्हणजे लिहिलं.

कानाच्या खोलीचं दार उघडलं, आतल्या माणसाने नाव पुकारलं. बाबांना अर्थातच ऐकू गेलं नाही. याने त्यांच्या खांद्याला हात लावला, ते उठले. दारापर्यंत गेले, तिथे थांबले, वळून त्यांनी सगळ्या व्हरांड्यासमोर विचारलं, "वाचली का नोकरी?"

"माहीत नाही, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्या ओठांकडे नीट बघितलं. मग समाधानाने मान हलवली. "हां. मग बरं झालं," म्हणाले, आणि आत गेले.